दोन मांजरं घेऊन न्यू जर्सीहून पुण्याला: केबिनमधून नेण्याबद्दल अनुभव आणि सल्ला हवा आहे

शेवंती

नमस्कार मंडळी. येत्या मार्चमध्ये आम्ही कायमचे पुण्याला परत जातोय. नवरा नोकरीवर रुजू व्हायला आधीच गेला. इथलं घर आवरून निघायचंय मी, माझी आई (ती सध्या माझ्याकडेच आहे, परतीचं तिकीट अजून काढलेलं नाही) आणि आमची दोन मांजरं.

बंड्या सव्वासहा किलोचा बोका आहे, शांत आणि खाण्यावर जीव असलेला. चिंगी साडेतीन किलोची. दाराची बेल वाजली तरी पलंगाखाली जाऊन बसते, माणसं गेल्यावर तासाभराने बाहेर येते. दोघांना सामानाच्या कप्प्यातून पाठवायचं नाही हे घरात पक्कं ठरलंय. इतक्या लांबच्या प्रवासात ती मला दिसत राहायला हवीत, निदान हात लावता यायला हवा.

शोधाशोध केली तर प्रत्येक जण वेगळंच सांगतो. एकट्या प्रवाशाला दोन मांजरं नेता येतात का? बंड्याचं वजन पिंजऱ्यासकट मर्यादेत बसेल का? इतके तास शी-शूचं काय करायचं? औषध देऊन झोपवावं का? आणि मुंबईला उतरल्यावर त्यांना अडकवून ठेवतात का, ही सगळ्यात मोठी धास्ती आहे. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

गुलबक्षी

शेवंती, आम्ही टेक्सासहून ठाण्याला आलो तेव्हा आमची मनी केबिनमधूनच आली. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. कागद पुरे असतील आणि मांजर निरोगी दिसत असेल तर विमानतळावर तपासून तिथूनच ताब्यात देतात. अडकतात ते कागद अर्धवट असलेले लोक.

भारतात पाळीव प्राणी आणायला केंद्र सरकारच्या पशु संगरोध (क्वारंटाइन) विभागाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. सगळे त्याला एनओसीच म्हणतात. ते निघण्याआधी हातात हवं. दोन वर्षं सलग परदेशात राहून कायमचे परतणाऱ्याला सामानाच्या नियमाखाली दोनपर्यंत पाळीव प्राणी आणता येतात. म्हणजे दोन्ही मांजरं तुझ्याच नावावर येऊ शकतात. पासपोर्टवरचे शिक्के, व्हिसा, नोकरी सोडल्याचं किंवा बदलीचं पत्र असं सगळं एका फाइलमध्ये लाव.

रेबीजची लस प्रवासाच्या निदान तीस दिवस आधी दिलेली हवी आणि वर्षाच्या आतली हवी. हा हिशेब आत्ताच कर. अमेरिकेत मांजरांना तीन वर्षांची लस देतात आणि लोक निर्धास्त राहतात, पण इथे तारीख पाहतात. मायक्रोचिप (कातडीखालची ओळखीची चिप) बसवून घे आणि लसीच्या दाखल्यावर चिपचा नंबर आहे ना ते स्वतः वाच. निघायच्या सुमारास यूएसडीएची, म्हणजे अमेरिकेच्या कृषी खात्याची, मान्यता असलेल्या पशुवैद्याकडून आरोग्य प्रमाणपत्र घ्यायचं आणि त्यावर यूएसडीएची मोहोर उमटवून घ्यायची. आपला नेहमीचा डॉक्टर मान्यताप्राप्त असेलच असं नाही, आधी विचार.

प्राणी कुठल्याही विमानतळावर उतरवता येत नाही. मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद आणि अलीकडे कोची इथेच संगरोध केंद्राची सोय आहे. पुणे त्यात नाही. तेव्हा मुंबईलाच उतरा आणि पुढे गाडी करा.

दर्यावर्दी

गुलबक्षीताईंनी कागदांचं सांगितलं, मी विमानांचं सांगतो. तुमच्याकडून मुंबईला यायला लोक सवयीने आखाती कंपन्यांकडे वळतात. एमिरेट्स आणि कतार केबिनमध्ये मांजर घेत नाहीत. एमिरेट्सचा अपवाद आहे तो दुबई-पाकिस्तान दरम्यानच्या काही मार्गांवर ससाण्यांसाठी, तुमच्या कामाचा नाही. ब्रिटिश एअरवेजसुद्धा मदतनीस कुत्र्यांखेरीज केबिनमध्ये काही घेत नाही. लुफ्तान्सा, केएलएम आणि एअर फ्रान्स या तिघी मांजर घेतात आणि तिघींची मर्यादा पिंजऱ्यासकट आठ किलो आहे. पण पिंजऱ्याची मापं सगळीकडे सारखी नाहीत. लुफ्तान्साला ५५ × ४० × २३ सेंटिमीटर चालतो, एअर फ्रान्सला ४६ × २८ × २४. एकीसाठी घेतलेला पिंजरा दुसरीकडे नापास होऊ शकतो.

आता महत्त्वाचं. एका प्रवाशामागे एकच पिंजरा, हा नियम जवळपास सगळीकडे आहे. त्यामुळे आईंचं परतीचं तिकीट तुमच्याच विमानात काढा. कागदोपत्री दोन्ही मांजरं तुमची, पण चिंगीची केबिनमधली जागा आईंच्या तिकिटाला जोडा.

आणि क्रम उलटा ठेवा. आधी तिकीट काढून मग मांजराचं विचारायचं नाही. एका विमानात केबिनमध्ये मोजकेच प्राणी घेतात. फोन करा, त्या तारखेला त्या विमानात दोन जागा आहेत का विचारा, मग तिकीट काढा आणि लगेच पुन्हा फोन करून नोंद करून घ्या. तिकिटावर नाव एका कंपनीचं आणि प्रत्यक्षात उडणारं विमान दुसरीचं असा प्रकार असेल तर उडवणाऱ्या कंपनीचा नियम लागतो. दोन्ही टप्प्यांची खात्री लेखी ईमेलवर मागा.

टिपूची आई

लेखी मागा याला शंभर वेळा अनुमोदन. आम्हाला एका कंपनीच्या काउंटरवर सांगितलं की तुमच्या नोंदीत प्राणीच नाही. फोनवर तीनतीनदा विचारून ठेवलेलं होतं. माझ्याकडे छापील ईमेल होतं म्हणून सुपरवायझर आले, नोंद शोधली आणि टिपू आमच्यासोबत चढला. रांगेत मागे एक मुलगी अशीच उभी होती, तिच्याकडे कागद नव्हता. तिचं काय झालं कळलं नाही, मला आजही वाईट वाटतं.

कट्टेकरी

बंड्या सव्वासहा आणि मऊ कापडी पिंजरा दीड किलोच्या आसपास, म्हणजे पावणेआठ. आत टॉवेल घातला की काठावर. अजून वेळ आहे, तोवर त्याचं खाणं निम्मं करा आणि अर्धा किलो उतरवा, म्हणजे काउंटरवर घाम फुटणार नाही.

जनावरांचा डॉक्टर

कट्टेकरी, हेतू चांगला आहे पण हा सल्ला कृपया कोणी पाळू नका. मी पशुवैद्य आहे, कोल्हापूर भागात काम करतो. लठ्ठ मांजराचं खाणं एकदम तोडलं तर शरीरातली चरबी यकृतात साठायला लागते आणि यकृत निकामी होण्यापर्यंत वेळ येते. अंगावर मांस असलेला बोका दोनतीन दिवस नीट जेवला नाही तरी आम्ही काळजीत पडतो. वजन उतरवायचंच असेल तर तुमच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, महिन्याला थोडं थोडं. त्यापेक्षा हलका पिंजरा घ्या, हे सोपं आहे. काही कापडी पिंजरे एक किलोच्या आत मिळतात. वजन घरीच करा: बोका आत बसवून, बॅगा उचलून तोलायचा हुकाचा काटा असतो त्याने.

झोपेच्या औषधाबद्दल आता सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न रोज येतो.

गुंगीचं औषध देऊन विमानात नेऊ नका. विमानवाहतूक संघटना आयाटा आणि अमेरिकेतली पशुवैद्यांची संघटना, दोघीही गुंगी देऊ नका असंच सांगतात. एसप्रोमाझिनसारखी जुनी औषधं रक्तदाब खाली आणतात आणि शरीराला तापमान सांभाळणं अवघड करतात. केबिनमधली हवा समुद्रसपाटीची नसते, सहा ते आठ हजार फुटांवर असावी तितकी विरळ असते. त्यात रक्तदाब पडलेलं जनावर, आणि वर डॉक्टर नाही.

भीती कमी करणारं औषध ही वेगळी गोष्ट आहे. मांजरांसाठी आजकाल गॅबापेंटिन वापरतात. निघायच्या दोनतीन तास आधी दिलं की बहुतेक मांजरं सैलावतात, जागी असतात पण घाबरून ओरडत नाहीत. डोस मी इथे लिहिणार नाही. तो वजनावर आणि मूत्रपिंडाच्या अवस्थेवर ठरतो, तपासल्याशिवाय सांगता येत नाही. पण एक नक्की करा. घरी, सुट्टीच्या दिवशी, प्रवासाच्या बरंच आधी एकदा देऊन बघा. एखादं मांजर त्याने लडखडतं, एखादं उलट बेचैन होतं. हे पहिल्यांदा विमानतळावर कळू नये. चिंगीसारख्या भित्रीला मी देईन. बंड्याला बहुधा गरज पडणार नाही.

खाणं: निघायच्या चारसहा तास आधी हलकं जेवण, मग पोट रिकामं. पाणी मात्र बंद करू नका. विमान खाली उतरताना चाटायची पेस्ट बोटावर द्या. गिळण्याने कानाचा दडा मोकळा होतो, लहान बाळाला दूध पाजतो त्याच कारणाने.

शेवंती

डॉक्टर, मनापासून आभार. गॅबापेंटिनबद्दल इथल्या डॉक्टरांशी बोलते. दर्यावर्दी, आईला विचारलं, ती एका पायावर तयार आहे. म्हणाली, चिंगी माझ्याकडे दे, ती माझ्याशी बोलते. एक शंका: सुरक्षा तपासणीत मांजर पिंजऱ्यातून बाहेर काढावं लागतं असं वाचलं. चिंगी हातातून सुटली तर नेवार्कच्या विमानतळावर ती कोणाला सापडणार?

टिपूची आई

हो, काढावं लागतं. रिकामा पिंजरा मशीनमधून जातो आणि मांजर तुमच्या हातात, तुम्ही चौकटीतून चालत जाता. पण अमेरिकेत तुम्हाला बंद खोलीत तपासणी मागता येते. रांगेत उभं राहतानाच सांगायचं की मांजर घाबरट आहे, खासगी खोली हवी. थोडं थांबावं लागतं, पण दार लावून घेतात.

आम्ही केलं ते असं. टिपूला घरूनच हार्नेस घालून आणला होता, पिंजऱ्यातसुद्धा अंगावर होता. धातूची कडी नको म्हणून प्लास्टिकच्या चापाचा घेतला. दोरीचे दोन वेढे माझ्या मनगटावर. खोलीत गेल्यावर मी खुर्चीवर बसले, पिंजऱ्याची वरची चेन उघडली, एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली. त्याने पुढचे पंजे माझ्या काखेत खुपसले आणि डोकं आत घातलं. अंग थरथरत होतं पण हलला नाही. त्यांनी माझ्या तळहातांवरून कापडाची पट्टी फिरवून तपासली, तोवर पिंजरा परत आला. टिपू आपणहून आत शिरला. हे जमलं कारण पिंजरा त्याचा ओळखीचा होता.

वरून उघडणाराच पिंजरा घ्या. पुढच्या दारातून घाबरलेलं मांजर ओढून काढायला गेलात तर ओरबाडेल.

भारतातून उलट दिशेने जाणाऱ्यांसाठी: आपल्याकडे बायकांची तपासणी पडद्याच्या आडोशाला होते, तो आडोसा मांजरासाठी चांगला पडतो. घरात बाई असेल तर मांजर तिच्याकडे द्या.

अबोली

पिंजरा ओळखीचा असणं, हेच खरं. मला वाटतं या धाग्यावरचं सगळ्यात कामाचं वाक्य तेच आहे. कागद पैसे देऊनही होतात, एजंट आहेत. पिंजऱ्याची सवय कोणी करून देत नाही, ती आपणच करायची.

आजच दिवाणखान्यात पिंजरा उघडा ठेव. बाजूला नाही, जिथे त्यांची रोजची ऊठबस आहे तिथे. तुझी धुतलेली नाही अशी ओढणी आत टाक. खाऊ आतच द्यायचा. आपणहून आत झोपायला लागली की चेन लाव आणि लगेच उघड. मग जरा वेळ लावून ठेव. मग उचलून घरभर फिरव, मग गाडीतून एक चक्कर. चिंगीला वेळ लागेल, घाई करू नकोस. डॉक्टरकडे नेतानाच फक्त पिंजरा बाहेर काढतो म्हणून मांजरं त्याला घाबरतात.

माझी पर्शियन आहे. चपट्या नाकाच्या मांजरांना श्वासाचा त्रास लवकर होतो, म्हणून बऱ्याच कंपन्या त्यांना खालच्या कप्प्यात घेतच नाहीत. पुण्यामुंबईत पर्शियन घरोघरी आहेत, त्यांच्या पालकांनी हे लक्षात ठेवा. तुमच्यापुढे केबिन हाच मार्ग आहे, तेव्हा वजन आणि पिंजरा दोन्ही आधीपासून सांभाळा.

रानवारा

देशातल्या देशात जाणाऱ्यांसाठी थोडं. इंडिगो मदतनीस कुत्र्यांखेरीज प्राणी घेत नाही. अकासाने १ नोव्हेंबर २०२२ पासून केबिनमध्ये मांजर-कुत्रं न्यायला सुरुवात केली, तेव्हा मर्यादा पिंजऱ्यासकट सात किलो होती, पुढे वाढवली. एअर इंडिया पूर्वीपासून घेते. सध्याचे आकडे त्यांच्या पानावर बघूनच तिकीट काढा. पशुवैद्याचं प्रवासयोग्य असल्याचं प्रमाणपत्र आणि लसीचं पुस्तक दोन्ही सोबत ठेवा.

मी बंगळुरू-पुणे आलो, सोबत गल्लीतून उचललेलं मांजर होतं. उड्डाणाच्या वेळी ओरडलं, विमान वर स्थिर झाल्यावर गप्प झालं. उडताना आणि उतरताना पिंजरा पुढच्या सीटखालीच ठेवावा लागतो, मांडीवर घेऊ देत नाहीत.

निळीशाई

माझं थोडं वेगळं मत लिहिते, राग मानू नका. मला दमा आहे आणि मांजराची ॲलर्जी आहे. पंधरा तास बंद विमानात मांजर शेजारी असणं माझ्यासाठी गैरसोय नाही, धोका आहे. मांजरप्रेमी या बाजूने क्वचितच विचार करतात.

जनावरांचा डॉक्टर

निळीशाई, तुमचं म्हणणं अगदी योग्य आहे. ॲलर्जी केसांची नसते. मांजराच्या लाळेत आणि त्वचेतल्या ग्रंथींत फेल डी १ नावाचं प्रथिन असतं, ते चाटण्यातून अंगभर पसरतं, वाळतं आणि हवेत तरंगतं. आधुनिक विमानांत फिरणारी हवा बारीक गाळण्यांतून जाते, त्यामुळे दूरच्या रांगेत त्रास कमी होतो. पण शेजारच्या सीटवर तो होऊ शकतोच. तुम्ही तिकीट काढतानाच कंपनीला कळवा आणि चढल्याबरोबर कर्मचाऱ्यांना सांगा, ते जागा लांब देतात. इनहेलर वरच्या कप्प्यात नको, खिशात हवा.

आणि मांजर नेणाऱ्यांनी स्वतःहून शेजाऱ्याला विचारावं. आदल्या दिवशी ओल्या फडक्याने मांजर पुसून घ्यावं. विमानात चेन उघडून बाहेर काढू नये, कितीही लाडकं असलं तरी.

शेवंती

निळीशाई, राग अजिबात नाही, उलट बरं झालं लिहिलंत. शेजारच्यांना मी आधी विचारेन, गरज पडली तर जागा मीच बदलेन.

आता शी-शूचं कोणी सांगेल का?

गुलबक्षी

बहुतेक मांजरं पिंजऱ्यात काहीच करत नाहीत, खूप वेळ धरून ठेवतात. पण चोवीस तासांहून जास्त झालं तर काळजीचं. तळाला शोषून घेणारा पॅड, त्यावर पातळ कापड, आणि बदलायला आणखी दोन पॅड झिपच्या पिशवीत. मधल्या विमानतळावर फॅमिली रेस्टरूम शोध, एकच खोली आणि आतून कडी असलेली. आधी कोपरे बघ, मांजर शिरेल अशी फट नाही ना. मग घडीची लिटर ट्रे, मूठभर लिटर (शी-शूसाठीची वाळू) घरच्याच ट्रेमधलं. वापरलेल्या लिटरचा वास आला की त्यांना कळतं. मनीने तिथेही केलं नाही, थेट ठाण्याला येऊन केलं. तरी संधी द्यायची. एका वेळी एकच बाहेर काढायचं, दुसरं आईंच्या पायाशी पिंजऱ्यातच.

मुक्काम लंडन

इंग्लंडच्या लोकांनी हा धागा वाचून हुरळून जाऊ नये. ब्रिटनमध्ये व्यापारी विमानाने येताना मांजर केबिनमधून आणता येत नाही, मालवाहतुकीतूनच यावं लागतं. म्हणून काही जण पॅरिस किंवा ॲमस्टरडॅमपर्यंत केबिनमधून आणतात आणि पुढे गाडीने समुद्राखालच्या बोगद्यातून किंवा फेरीने येतात.

युरोपातून पुण्याला जाऊन परत येण्याचा बेत असेल तर आणखी एक. भारतातून युरोपीय संघात मांजर आणायला मायक्रोचिप, रेबीजची लस, लसीनंतर निदान तीस दिवसांनी रक्ततपासणी आणि रक्त काढल्यापासून तीन महिने वाट बघणं, असं सगळं लागतं. ती रक्ततपासणी युरोप सोडण्याआधीच करून मांजराच्या युरोपीय पासपोर्टवर नोंदवून घेतली तर परतताना तीन महिने थांबावं लागत नाही. आईवडिलांच्या आजारपणासाठी अचानक निघावं लागतं तेव्हा हे कोणी सांगत नाही. जर्मनीतल्या एका मैत्रिणीचं मांजर यापायी तिच्या आईकडे पुण्यात राहिलं.

कट्टेकरी

आणि भारतातून अमेरिकेत नेताना? भाची जातेय ऑगस्टमध्ये.

गुलबक्षी

अमेरिकेचं मांजरांसाठी सोपं आहे. १ ऑगस्ट २०२४ पासूनचे कडक नियम कुत्र्यांना आहेत, मांजरांना नाहीत. मांजर उतरताना निरोगी दिसायला हवं. तिथलं केंद्र सरकार मांजराला रेबीजचा दाखला सक्तीचा करत नाही, पण राज्याचे आणि विमान कंपनीचे नियम वेगळे असतात, म्हणून लस द्याच. हवाई बेटांवर जाणार असेल तर गोष्ट निराळी, तिथे रेबीज नाही म्हणून फार काटेकोर आहेत.

शेवंती

मुंबईला उतरल्यावर नेमकं कसं असतं? आणि पुढे गाडीत चार तास, मग नवं घर. चिंगी जेवली नाही तर किती वाट बघायची?

गुलबक्षी

सामान घेऊन थेट बाहेर पडू नका. कस्टम्सला सांगा की सोबत मांजरं आहेत आणि एनओसी दाखवा. संगरोध अधिकाऱ्यांना विमानाचा नंबर आणि उतरायची वेळ आधीच कळवून ठेवलेली असावी, विशेषतः विमान मध्यरात्री उतरत असेल तर. मूळ कागद वेगळे आणि झेरॉक्सचे दोन संच वेगळे ठेव, चिपचा नंबर वरच्या पानावर ठळक लिहून. आईंना सांग, त्यांनी दोन्ही पिंजरे घेऊन बाकावर बसायचं, धावपळ तू करायची.

जनावरांचा डॉक्टर

गाडीत पिंजरे सीटबेल्टने बांधा आणि घाटात कितीही ओरडली तरी उघडू नका. एसी सुरू ठेवा, मार्चमध्ये दुपारी एक्स्प्रेसवेवर गाडी चांगलीच तापते.

घरी पोचल्यावर सगळं घर मोकळं सोडू नका. एक खोली द्या, खिडक्यांना जाळी बसवून घेतलेली. पुण्यात बहुतेक जण वरच्या मजल्यांवर राहतात आणि गॅलरीतून पडलेली मांजरं आमच्याकडे येत असतात, नवऱ्याला जाळीचं काम आत्ताच सांगा. खोलीत लिटर, पाणी, तेच जुनं खाणं आणि उघडा पिंजरा. इथलं नवीन खाणं पहिल्याच आठवड्यात सुरू करू नका, येताना पिशवी घेऊन या.

पहिल्या दिवशी चिंगी लपून बसेल, जेवणार नाही, ते चालेल. पाणी पितेय आणि लघवी करतेय ना बघा. पूर्ण एक दिवस काहीच खाल्लं नाही तर पुण्यातल्या डॉक्टरांना फोन करा, दुसरा दिवस उलटू देऊ नका. बंड्याच्या बाबतीत तर जास्तच लक्ष द्या, तो अंगाने भरलेला आहे. त्याने चोवीस तास तोंड लावलं नाही तर सरळ दाखवायला न्या. आणि बोका लिटरमध्ये जाऊन बसतोय, कुंथतोय पण लघवी होत नाही असं दिसलं, तर रात्र असो की पहाट, त्याच क्षणी दवाखाना गाठा. बोक्यांची मूत्रनलिका अरुंद असते, प्रवासाच्या ताणाने ती तुंबू शकते. चोवीस तास उघडा असणारा दवाखाना कुठला, ते नवऱ्याकडून निघायच्या आधीच विचारून घ्या.